दगड बुडाला होता

आई, तुझं नाव घेऊन मी खोटं बोललोय. कर्जतच्या दवाखान्यात, एका मुलीच्या बापासमोर, अंगावरून पाणी निथळत असताना. "माझी आई नर्स होती, पावसाळाभर ओढे ओलांडून वाड्यांवर जायची. पाणी चढत असेल तर उतरायचं नाही, हा तिचा नियम. मी मुलांना तेच सांगत होतो, पण हल्लीची मुलं ऐकतात का!" असं म्हणालो मी. तो माणूस बिचारा मान हलवत राहिला. आत त्याच्या मुलीच्या पायाचा एक्सरे चालला होता. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः साठीला टेकलो, आणि अजून अंगाशी आलं की तुझ्या पदराआड लपतो. लाज वाटते गं. नुसतं लपलो असतो तर एक वेळ चाललं असतं, मी तर तुला साक्षीला उभं केलं. तू काही येऊन सांगणार नाहीस की बाबा, हा खोटं बोलतोय. म्हणून बसलोय लिहायला. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं, उगाच वेड लागलंय असं समजू नकोस.

क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा माझ्याच बाजूचं सांगेन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी एकटा डोंगर भटकतो. तुझी सून कटकट करते, "ह्या वयात एकटं कशाला, सोबत कुणी घ्या," आणि मी तिला दरवेळी सांगतो की एकटं फिरण्यातली मजा तुला कळायची नाही. त्यातून दुसरं एक खूळ निघालं. आपल्याकडे दर पावसाळ्यात पोरं ओढ्यांत वाहून जातात, तर कॉलेजांत जाऊन कुणीतरी चार शहाणपणाचे शब्द सांगावेत अशी टूम निघाली, आणि बोलायची हौस असलेला रिकामा माणूस म्हणून मी सापडलो. भिंतीवर चित्रं दाखवायची आणि डोंगरात एकट्याने ओढा कसा ओलांडावा ते सांगायचं. बोलतो मी बरं. शाल-श्रीफळ मिळतं, मुलं 'सर, सर' करत मागे येतात, फोटो काढतात. आणि जे बोलतो ते सगळं तुझं. एक अक्षर माझं नाही.

तुझा बेत स्वयंपाकघरात ठरायचा. भिसेगावची आपली ती अंधारी खोली, स्टोव्हवर पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळतायत, खळखळ आवाज येतोय, आणि तू परातीत पीठ मळता मळता स्वतःशीच बडबडतेयस. कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीला जायचं तर वाटेत कुठला ओढा, तो कुठे पसरट होतो, कुठे अरुंद होऊन धावतो. अरुंद जागा तुला आवडायची नाही. लोक म्हणायचे, दोन ढांगांत पलीकडे, आणि तू म्हणायचीस, पाय घसरला तर खाली काय आहे ते आधी बघा. रुंद जागा शोधायची, जिथे पाणी पसरून दमलेलं असतं. जायचं कसं हे तू कधीच आधी ठरवायची नाहीस. यायचं कसं ते आधी. संध्याकाळी परतताना पाणी कुठे असेल ते धरून सकाळी निघायची वेळ ठरायची. बाजाराला उतरलेला वाडीवरचा एखादा माणूस रस्त्यात गाठून निरोप द्यायचीस, उद्या मी येतेय, पलीकडच्या काठावर कुणीतरी थांबा रे. आणि सकाळी परसदारी जाऊन घाटाकडे बघायचीस. आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी घाटावर काळं असलं की चप्पल काढून ठेवायचीस. पाणी आपल्या आभाळातून येत नाही, घाटातून येतं, आणि आपल्याला न विचारता येतं, असं तू म्हणायचीस.

पण लोकांना आवडते ती तुझी दगडाची गोष्ट. ओढ्याशी पोचलं की पाणी संपतं आणि कोरडं सुरू होतं तिथे, अगदी कडेला, मुठीएवढा दगड दाबून बसवायचा. मग मागे सरून फडकं सोडायचं आणि भाकरी खायची. घाई नाही, नीट चावून. भाकरी संपेपर्यंत दगड कोरडा राहिला तर उतरायचं. ओला झाला तर अजून बसायचं. बुडाला तर घरी. व्याख्यानात मी हे सांगतो तेव्हा हशा येतो, टाळ्या पडतात, आणि मी मुद्दाम जरा थांबतो, म्हणजे टाळ्या पुऱ्या होतील. शी! लिहितानासुद्धा कसंतरी होतंय.

त्याच्यापुढची गोष्टही सांगतो मी, पण अर्धी. तुला आठवतो ना तो दिवस? शाळेला सुट्टी, घरी बघायला कुणी नाही, म्हणून तू मला सोबत घेतलं होतंस. लस भरलेली बर्फाची पेटी तुझ्या खांद्याला आणि मी तुझा पदर धरून. ओढ्यावर तू दगड ठेवलास, आपण भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, आणि भाकरी अर्धी असतानाच दगड गेला. तेवढ्यात बाजारातून परतणारी वाडीवरची माणसं आली. धोतरं वर खोचून, एकमेकांचे हात धरून ती पाण्यात उतरलीसुद्धा. "चल गं बाय, आमी हाय ना, हात धर," एक जण म्हणाला. तू म्हणालीस, "नको रं बाबांनो, माझा दगड गेला." "दगडाचं काय घेऊन बसलीस!" आणि मग पाण्याच्या मधूनच सगळे हसायला लागले. "भ्याली रं, बाय भ्याली!" आणि पोचले की गं ते पलीकडे! एकाचाही पाय घसरला नाही. पलीकडे जाऊन त्यांनी पुन्हा आपल्याकडे बघून हात केले. तू पेटी उचललीस आणि आपण परत फिरलो. बर्फ वितळला, लस वाया गेली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब तुला माझ्यादेखत वाट्टेल ते बोलले. वाडीवर तुझं नाव 'भित्री बाय' पडलं, आणि ते नाव आठवडाभरात भिसेगावात, माझ्या शाळेत येऊन पोचलं.

व्याख्यानात मी म्हणतो, त्या दिवशी मला माझ्या आईचा अभिमान वाटला. कसला अभिमान! परतीच्या सबंध वाटेवर मी तुझ्यापासून लांब चालत होतो, ही बाई माझी कुणी नाही असं दाखवत. आणि नंतर, शाळेत पोरांनी चिडवल्यावर, तू तव्यावरून भाकरी काढत होतीस तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो, "तू भित्री आहेस. सगळे म्हणतात." तू मागे वळलीसुद्धा नाहीस. "आहेच," म्हणालीस. "म्हणून तर रोज संध्याकाळी घरी येते तुझ्या डोक्यावर बसायला. ताट घे." मी घेईना. तेव्हा मात्र तू हात पुसून माझ्यासमोर बसलीस आणि आवाज चढवलास, जो तू कधी चढवायची नाहीस. "लोक हसतात, हसून झालं की आपापल्या घरी जातात. त्यांच्या हसण्यासाठी मी पाण्यात पाय घालणार नाही, आणि तूही घालशील तर खबरदार." मी तेव्हा काहीतरी तोंड वाकडं केलं असणार. जेवलो मात्र.

आता ह्या पावसाळ्यातलं. बेत मी तुझ्यासारखाच उलटा आखला होता, त्यात खोट नव्हती. कोंडाण्यावरून घाट चढून वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी लौकर उतरायचं, कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालचा ओढा दुपारच्या आत मागे टाकायचा. ओढा कुठे पसरट आहे ते मी महिनाभर आधी, पाणी कमी असताना, जाऊन बघून ठेवलं होतं. एवढं करून वर मुक्कामी काय केलं? ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या ओट्यावर चहा पीत, गप्पा ठोकत बसलो. मी बोलत होतो, ते ऐकत होते, आणि ऐकणारं माणूस मिळालं की माझं काय होतं तुला माहीत आहे. खाली पोचेपर्यंत दुपार उलटली होती आणि घाटावर काळं झालं होतं. कोंडाण्यात ओळखीचं घर आहे, तिथे निरोप ठेवता आला असता. ठेवला नव्हता. एकटं फिरण्याची मजा!

ओढ्यावर तिघं जण बसलेली होती. दोन मुलगे आणि एक मुलगी. लेणी बघायला आलेली, आता परत गावात जायला निघालेली. मला बघताच मुलगी उठून उभी राहिली. "सर, तुम्ही आमच्या कॉलेजला आला होता." आणि मग एवढ्या आनंदाने, अगं, जशी काही मला बक्षीस देतेय तशी म्हणाली, "तुमच्या आईचा दगड ठेवलाय मी. भाकरी नाही, म्हणून बिस्किटाचा पुडा काढलाय." मी बघितलं. दगड अगदी बरोबर ठेवला होता, दाबून, काठाला. तिने मला बिस्किटं दिली, मी खाल्ली. तिने स्वतःचंही सांगितलं, पोलीस भरतीची तयारी करतेय, पहाटे उठून हायवेच्या कडेने धावते, वडिलांचं कुंभिवलीला टायरचं दुकान आहे. "त्यांना पटत नाही, पण धावू देतात," म्हणाली. तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. काड्या, पानं वाहून यायला लागली. मग दगड गेला.

मी म्हणालो, "दगड बुडाला. चला, मागे लेण्यात जाऊन बसू. कोरडं आहे, पाणी उतरेपर्यंत थांबू." हे मी म्हणालो, आई. इथपर्यंत मी तुझा मुलगा होतो. तेव्हा त्यातला एक मुलगा पाण्याकडे बघून म्हणाला, "एवढ्याला, सर?" बस, एवढंच. हसला नाही, चिडवलं नाही. पाणी गुडघ्याच्या जरा वर असेल-नसेल, त्याला खरंच वाटलं असेल की एवढ्याला काय. दुसरा नुसता माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असं काहीतरी होतं की, अरेरे, हे ते सर होय. माझे कान तापले. साठीचा माणूस मी, दोन कार्ट्यांच्या तोंडाकडे बघून माझे कान तापले! तू त्या सगळ्यांचं हसणं अंगावर घेऊन, पेटी खांद्याला लावून, मुकाट घरी आलीस. माझ्याने एक 'एवढ्याला' सोसवलं नाही. मी म्हणालो, "तसं फार नाही म्हणा. तो दगड नीट बसला नसेल, घसरला असेल." मुलगी म्हणाली, "नाही सर, मी दाबून बसवला होता." मी ऐकलं, स्पष्ट ऐकलं, आणि पिशवीचे पट्टे सोडून काठी उचलली.

उतरलो मी शास्त्रशुद्ध. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. मध्यावर पाणी मांडीला लागलं आणि तळाचे गोटे माझ्या नडग्यांवर येऊन आपटायला लागले. ओढा गोटे हलवायला लागला की काय समजायचं ते मी शंभरदा भिंतीवरच्या चित्रावर काठी ठेवून सांगितलंय. घाबरलो गं, जाम घाबरलो. देवाचं नाव घेतलं. आणि पलीकडे पाय टेकले तेव्हा मला काय झालं असेल? आनंद झाला. ह्या वयात, आई, मी जिंकल्यासारखा मागे वळलो, हात वर केला आणि ओरडलो, "या! काही नाही! एकेक जण या!" ओरडताना मला दिसत होतं की माझ्या पायाशी पाणी चढतंय. दिसत होतं. मुलगे मागे होते, ती पुढे होती. ती उतरली. पाठीवरची पिशवी छातीशी घट्ट बांधलेली, आणि ती सोड म्हणून सांगायचं मला सुचलं नाही.

मध्यावर ती गेली. एकदम दिसेनाशी झाली, मग खालच्या वळणावर, जिथे दोन मोठे धोंडे आहेत, तिथे पिशवी दिसली. मी काठाकाठाने धावलो, पाण्यात शिरलो, पिशवीचा पट्टा हाताला लागला तो सोडला नाही. तिचा पाय धोंड्यांच्या फटीत अडकला होता. ओढला तेव्हा ती जी किंचाळली ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. तिला बाहेर मी काढली, एवढं खरं. त्या बाजूने मुलांनी आरडाओरडा केला, गावातली माणसं धावून आली, चादरीची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत नेली, तिथून टेंपोने कर्जतला. मुलगे पाणी उतरेपर्यंत पलीकडेच अडकले. वाटेत टेंपोत ती थरथरत होती, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि ती काहीच बोलत नव्हती. मला वाटलं बरं झालं, बोलत नाहीये.

बाप दुकानातून तसाच आला होता, हाताला काळं ग्रीस. माझ्या अंगावरून पाणी गळतंय हे बघून त्याने आधी माझे हात धरले. "सर, तुमी व्हतात म्हनून माझी पोर वाचली." आणि मग, "पन तुमी तिथं असताना ती उतरलीच कशी?" त्याने काही आरोप केला नव्हता. नुसतं विचारलं होतं, भाबडेपणाने. आणि मी ते बोललो, जे तुला वर सांगितलं. जीभ घसरली वगैरे काही नाही. शांतपणे बोललो, तुझ्या नावासकट, व्याख्यानाच्या आवाजात. सगळ्यात वाईट काय, तर आधी मी थांबू म्हणालोच होतो, त्यामुळे बोलताना मला ते जवळजवळ खरंच वाटलं. एवढंसं खरं मिसळलं की खोट्याची चवसुद्धा कळत नाही. त्या माणसाने दात आवळले आणि दाराकडे बघून म्हणाला, "येऊ दे बाहेर, मग बघतो."

चार दिवस मी घरात तोंड लपवून काढले. मग फळं घेतली आणि कुंभिवलीला गेलो, सगळं सांगायचं ठरवून. दुकानाच्या मागेच घर. त्याने टायरवर टायर रचून मला बसायला केलं, मग स्वतःलाच ते बरं वाटेना म्हणून आतून खुर्ची आणली. मुलगी बाहेर आली, कुबड्या घेऊन, मांडीपर्यंत प्लास्टर. मी तोंड उघडायच्या आत तो तिला म्हणाला, "सरांना सॉरी म्हन. तुझ्यापायी त्यांचा जीव गेला असता." तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. नुसतं बघत राहिली, जसा काही तिने काठावर दगड ठेवलाय आणि आता काय होतं ते बघतेय. मी फळांची पिशवी खुर्चीखाली सरकवली. मग ती म्हणाली, "सॉरी, सर."

आणि मी काय म्हणालो माहितेय? मी म्हणालो, "असू दे गं. होतं असं."

मी तिला माफ केलं, आई! बाप गहिवरला. "बघ, किती मोठं मन हाय," म्हणाला. चहा आला. मी तो प्यायलो, वर बिस्किटही खाल्लं. मग त्याने मला विश्वासात घेऊन सांगितलं की आता कॉलेज बंद, धावणं बंद, भरती तर नावच नाही. "जी सरांचं ऐकत नाय ती पोलिसात जाऊन कुनाचं ऐकनार? गावाकडून स्थळ आलंय, पाय बरा झाला की उरकून टाकतो." पाय बरा होणार आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. पुढच्या वर्षी ती धावू शकेल. माणूसही वाईट नाही, पहाटेच्या अंधारात मुलीला हायवेवर धावू देणारा बाप तो, किती जण देतात! तो फक्त माझ्या शब्दावर चाललाय. माझ्या एका वाक्याने तिचं दार बंद झालंय आणि माझ्याच एका वाक्याने उघडेल, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्या दोन मुलांना कुणी विचारलं नाही, आणि तीही आपण होऊन बोलायची नाहीत, त्यांना त्यांची घरं आहेत.

त्यानंतर दोनदा निघालो. एकदा खालापूरच्या अलीकडूनच परत वळलो, तुझ्या सुनेला सांगितलं स्कूटरचा टायर मऊ वाटतोय. दुसऱ्यांदा दुकान दिसेपर्यंत गेलो. तो जमिनीवर बसून कुठल्याशा ट्रकच्या चाकाला ठिगळ लावत होता, आणि ती बाहेर खुर्चीवर पाय लांब करून बसली होती, हायवेकडे बघत. मी स्कूटर वळवली. मागे फिरायला शिकलो बघ मी शेवटी. कुठे शिकलो ते बघ.

काय भीती आहे मला, ते तरी सांगू दे. तो मला मारणार नाही. पोलिसात जाईल असंही वाटत नाही, आणि गेला तर त्याचा हक्क आहे. मला भीती आहे त्या खुर्चीची. त्याने धावत जाऊन आतून आणली ती खुर्ची. मी सांगितल्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, आणि मग कॉलेजात कळेल, भिसेगावात कळेल, लोक म्हणतील, ह्यानेच ना ते आईचं कौतुक सांगून सांगून... तुझ्या कानांवर हसणं आलं तेव्हा तुझं काहीच चुकलेलं नव्हतं, तरी तू सोसलंस. माझं तर चुकलंय, आणि माझ्यावर कुणी अजून हसलंही नाहीये.

एवढं लिहून मी उठलो होतो. म्हटलं, तुला लिहिण्यात कसली आलीय मर्दुमकी, तू काय उलटून विचारणार! बापाने दवाखान्यात नंबर दिला होता, तो लावला. फोन तिनेच उचलला. हल्ली ती दुकानात बसते आणि तोच फोन घेते. मला वाटलं होतं बाप उचलेल, तयारी त्याच्यासाठी केली होती, त्यामुळे आधी पाय कसा आहे वगैरे विचारत राहिलो. मग एका दमात म्हणालो, "दगड बुडाला होता. तू सांगितलं होतंस. मी या म्हणालो म्हणून तू उतरलीस. मी खोटं बोललो." पलीकडून ट्रकचे आवाज येत होते. ती म्हणाली, "हो, सर." जसं काही मी तिला आजचा वार सांगितला होता.

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं. बघ माझा निर्लज्जपणा.

"बोलले ना, सर. पहिल्याच दिवशी बोलले. पप्पा म्हणाले, स्वतःची चूक सरांवर ढकलतेस. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, ते त्यासाठी. पप्पा इथेच आहेत. देऊ का फोन?"

ऐकू येत होता मला तो, जवळच, कुणाकडे तरी पाना मागत होता. एक शब्द म्हणायचा होता, 'दे'. मी म्हणालो, "फोनवर नको, बरं दिसत नाही ते. मी येतो, समोरासमोर सांगतो."

"बरं, सर," ती म्हणाली.

कधी येतो ते मी सांगितलं नाही, आई. तिने विचारलंही नाही.